कडू कागदवाले साहेब

कुणीही भेटलं की आमचे साहेब आधी त्याच्या कानांकडे बघायचे. मग नाकाकडे. मग स्वप्नात बोलावं तसं हळूच विचारायचे, "तुमची आई कुठली हो?" समोरचा बिचारा नमस्काराचे हात तसेच जोडून उभा! तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, पण हे जरा जास्तच होते.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. मी फुलसावंगीला मास्तर होतो. घराण्यातले गुण लेकरांत कसे उतरतात ते शोधायला साहेब नागपूरहून आले आणि शाळेच्या एका खोलीत राहिले. हिवाळ्याचं कोवळं ऊन, हवेत तरंगणारे कापसाचे तंतू, आणि व्हरांड्यात एकेका कुटुंबाची उंची मोजणारे साहेब. मग कागदावर त्या घराची वंशावळ काढायचे: पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, नात्यांच्या मध्ये रेघा. "उंचीत साऱ्या आज्या-पणज्यांचा चिमूट चिमूट वाटा असतो, मास्तर. कुणाचा किती, ते पुष्कळ घरं मोजली की कळेल." मला वाटे, या माणसाला गावभर पूर्वज दिसतात, आणि सगळे प्रेमळच दिसतात.

शेवटी ते औषध लावलेला कागद जिभेवर ठेवायला देत. काहींना तो कडूजहर लागे, काहींना नुसता कागद. "आई-बाप दोघांना लागत नसेल, तर लेकरालाही लागत नाही. कागद खोटं बोलत नाही!" हे सगळ्या गावाला पाठ झालं होतं.

एकदा गंगूचं घर आलं. बापाला काही लागलं नाही, आईलाही नाही. सात वर्षांची गंगू मात्र थू थू करत पळाली. सगळे हसले. साहेबांची पेन्सिल तेवढी थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिची आई आली. "साहेब, गंगू माह्या बहिणीची हाय. थे बाळंतपणातच गेली. मी सहा महिन्यापासून माहेरीच होती, तशीच पोरीले घेऊन आली. गावाले वाटते मीच बाळंत झाली. पोरीले तं काहीच ठाव नाही. आता तुमचा कागद..."

साहेबांनी पहिल्यांदाच कुणाच्या कानांकडे न बघता डोळ्यांकडे बघितलं. "बाई, कालचा कागद दमट होता. खोटं बोलला."

दिवसभर ते गावात तेच सांगत फिरले. लोकांनी चेष्टा केली. मला मात्र त्या दिवशी ते फार आवडले.

"पुढच्या हिवाळ्यात येतो," म्हणत कच्च्या कागदांची गुंडाळी माझ्याकडे ठेवून गेले. हिवाळ्याआधी ते वारल्याचं पत्र आलं.

मग मी गुंडाळी उघडली. गंगूच्या घरापुढे लिहिलं होतं, 'मोजणीत धरू नये.' पण आईपासून गंगूपर्यंतची रेघ होती. पेन्सिल इतकी दाबून ओढलेली, की कागद उलटा केला तरी ती अजून बोटाला लागते.