सत्काराची शाल

निशिगंधाच्या हाराचा वास मला अजूनही नकोसा होतो. काल नातीच्या शाळेत पाहुण्यांच्या गळ्यात हार पडला आणि मी थेट नाशिकच्या त्या सभागृहात जाऊन पोचले.

ऐंशीच्या दशकात भारतीय संघातून परदेशात धावायला माझी निवड झाली होती. मला स्पाइकचे बूट मिळावेत म्हणून वडिलांच्या सातपूरच्या कारखान्यातल्या कामगारांनी वर्गणी काढली आणि विश्वासाने माझा सत्कार करणाऱ्या समितीकडे दिली. समितीने त्या पैशांत हार, माईक आणि बासुंदीची पंगत उरकली. माझ्या हातात शाल आणि नारळ.

पंगतीत मी अध्यक्षांना विचारलं, "साहेब, बुटांचं काय?"

मिशीला लागलेली बासुंदी चाटत ते हसले. "अगं पोरी, देशासाठी पळायचंय. बूट काय घेऊन बसलीस?"

शेवटी एका सीनियर मुलीचे जुने बूट मागून आणले. ते मला ढगळ होत होते. आईने ती शाल टराटरा फाडली आणि बोळे करून बुटात कोंबले. तशीच धावले.

परत आल्यावर पुन्हा सत्कार, पुन्हा तोच निशिगंध, पुन्हा बासुंदी. "आमची शाल वापरतेस ना गं?" अध्यक्षांनी कौतुकाने विचारलं.

मी पिशवीतून ते घामट बूट काढले आणि आतले कुबट बोळे उपसून त्यांच्या वाटीशेजारी ठेवले.