साहेबांना पोळ्याचं आवतन

तेलंगणातल्या, पण महाराष्ट्राच्या सरहद्दीला चिकटलेल्या चिंचखेड्याच्या जयवंताबाईला गोड बोलता येत नाही, आणि शिकायची इच्छाही नाही. नवरा गेल्यावर कापसाचं रान आणि लक्ष्या-पवळ्याची जोडी तिनं एकटीनं सांभाळली. गावात ट्रॅक्टर आले, जाऊबाईनं बैल विकले. ही म्हणाली, "टॅक्टर का मले हाक मारल्यावर वळून पाह्यते?" संपला विषय.

यंदा श्रावणात सरहद्दीच्या वळणावर काळ्या तेलाचा टँकर उलटला आणि तेल थेट नाल्यात उतरलं. सरकार धावून आलं नाही असं नाही. क्रेन आणली, टँकर उचलला, दिवस मावळायच्या आत रस्ता मोकळा केला. नाला मात्र तसाच. महाराष्ट्रातले म्हणाले, तेल तेलंगणात वाहतंय. इकडचे म्हणाले, टँकर महाराष्ट्रात पडला. तेल बिचारं दोघांचं ऐकत वाहत राहिलं. शेवटी तहसीलदारसाहेबांनी काठावर भुसा टाकून घेतला, फोटो काढला आणि जाहीर केलं, पाणी जनावरांना चालेल.

जनावरांना विचारलं होतं कुणी? लक्ष्यानं वास घेतला, फुरफुरला आणि मागं सरला. तेव्हापासून जयवंताबाई हापशाचं पाणी डोक्यावर वाहून दोघांना पाजत होती. त्यात पोळा तोंडावर आला. नाल्यात आंघोळ घातल्याशिवाय बैल तोरणाखाली उभे करायचे कसे? गाव तहसीलला खेटे घालून दमलं. साहेबांचं एकच, "देखते हैं, अम्मा."

पोळ्याच्या आदल्या दिवशी या भागात बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि त्याच्या कानात सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' वर्षभर ज्याच्या मानेवर जू, त्याला एक दिवस मान.

त्या दिवशी जयवंताबाई तूप-हळदीची वाटी घेऊन निघाली, ती गोठ्यात न जाता शेजारच्या सुनयनाला घेऊन बसनं तहसीलला. साहेब खुर्चीत होते. बाईनं सरळ त्यांच्या पांढऱ्या शर्टाचे दोन्ही खांदे चोळले.

"अरे अम्मा, ये क्या?"

"मान हाये, साहेब. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

सुनयनानं पदर तोंडात कोंबला. खुशाल नावाचा मराठी शिपाई फायलींमागं वाकला तो वर येईना. साहेब दूरच्या तेलुगू मुलखातले, त्यांना काय ठाऊक? भारावून म्हणाले, "जरूर आयेंगे!"

आले, आणि सोबत पेपरवालाही आणला. बघतात तर अख्ख्या गावाचे बैल नाल्यावर, बिनआंघोळीचे.

"पुरनपोळीच्या आंधी आंघोळ, साहेब," जयवंताबाई म्हणाली. "तुमी पानी चांगलं म्हनून राह्यले, पन हा लक्ष्या माहं ऐकत नाही. तुमचं ऐकन." आणि कासरा त्यांच्या हातात.

पेपरवाल्याचा मोबाइल वर झालेला. साहेबांनी ओढलं. लक्ष्यानं उलटं ओढलं. साहेब काळ्या चिखलात बसले.

"कासरा सोडू नोका, साहेब! सरकार हारन न!" काठावरून कुणीतरी ओरडलं, आणि गाव हसून लोळलं.

गाडीत बसताना सोबत आलेल्या खुशालनं त्यांना हळदीचा अर्थ सांगितला. साहेब लालबुंद झाले. बाईकडे बघितलं, नाल्याकडे बघितलं, आणि तिथूनच तेलुगूत फोनवर असे कडाडले की बैलांनी कान टवकारले. फोटो पेपरात छापून आला, मागोमाग तेल उपसायच्या गाड्या आल्या. सगळं श्रेय इकडच्यांना जाईल म्हणून महाराष्ट्रातलेही पंप घेऊन हजर! इतके दिवस हद्द सापडत नव्हती, आता दोघांनाही नाला आपलाच वाटायला लागला.

"पोळा तर गेला," गाव म्हणालं.

"गेला त परत बलावू," जयवंताबाई म्हणाली.

दसऱ्याच्या आधी चिंचखेड्यात दुसऱ्यांदा तोरण बांधलं. बाईनं लक्ष्याला नाल्यात उतरवलं आणि कासरा मुद्दाम सैल सोडला. त्यानं वास घेतला. मग मुंडी घालून तो पीत सुटला, शेजारी पवळ्याही. काठावर हलगी कडाडली.

"साहेबाले आवतन धाडाचं का, काकी?" सुनयनानं डोळा मिचकावला.

"धाड न. तूपही भरपूर घे," जयवंताबाई बैलाची पाठ चोळत म्हणाली. "आता जू ओढलं साहेबानं. आता त्याच्या खांद्याचा हक्क हाये."