बुरुजाची खिडकी

कासार आंबोलीच्या फाट्यावर माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक बंगलेवाले. आठवडाभर बंगला रिकामा, म्हणून त्यांना खिडक्यांना भक्कम ग्रिल लागतं. माझ्या हातचं ग्रिल अजून कुठल्या चोराला वाकवता आलेलं नाही, हे मी कुणी न विचारताही सांगतो. तशी खोडच आहे मला.

त्यामुळे मुलीच्या शाळेतल्या बाईंनी स्नेहसंमेलनाच्या संगीत नाटकासाठी बुरूज करून मागितला, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. मुलगी सातवीत. नाटकातली राजकन्या तीच. घरात तिचा आवाज फारसा कुणी ऐकलेला नाही, पण गाते फार चांगली, असं बाई म्हणाल्या. ही गोष्ट मला बाईंकडून कळावी याचा जरा रागच आला.

बाईंनी कागदावर माप दिलं. उंची दहा फूट, वर एक खिडकी, आत उभं राहायला फळी. मी चौकोनी पाइपचा सांगाडा केला, पुढून प्लाय ठोकला, त्यावर दगड रंगवले. शाळा सुटली की मुलगी दुकानात यायची आणि स्टुलावर बसून काहीबाही सांगत राहायची. ग्राइंडर चालू असायचा. मी ‘व्हय, व्हय’ करायचो. शेवटी खिडकीला ग्रिल बसवलं, वेलबुट्टीचं, सोनेरी रंगाचं. कागदावर ते नव्हतं. पण तेवढ्या उंचीवर माझी पोर उभी राहणार, आणि ग्रिलशिवाय खिडकी माझ्या दुकानातून आजवर बाहेर पडलेली नाही.

कार्यक्रमाच्या दुपारी टेम्पोतून बुरूज आणून स्टेजवर उभा केला. मी मान ताठ करून बाजूला उभा. बाई आल्या, वर बघितलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

“अहो, ती बाहेर कशी येणार?”

“कुटनं बाहेर?”

“खिडकीतून! राजपुत्र शिडी लावतो, ती खिडकीतून उतरते. सगळं नाटक त्यासाठीच तर आहे!”

मुलगी तिथेच होती, राजकन्येच्या झग्यात. 

गुरुवार होता, लाइनच्या दुरुस्तीसाठी वीज दिवसभर बंद. मंडपवाल्याचा जनरेटर होता. त्याला म्हटलं, पाच मिनिटं ग्राइंडर लावू दे.

“न्हाई जमायचं. माइक बंद पडला तर समदी मलाच धरत्यात.”

मग हॅकसॉ घेतली. ब्लेड दोनदा तुटलं. जिथे तिथे माझंच पक्कं वेल्डिंग आडवं येत होतं, त्याला मी तोंडात येतील त्या शिव्या घातल्या. दोन गज कापून होईस्तोवर पाहुणे येऊन बसले. माइकमधून कापण्याचा आवाज जाईल म्हणून बाईंनी हात जोडले. मी थांबलो, पण तेवढ्या फटीतून पोर निघण्यासारखी नव्हती.

मागून शिडी लावून मुलगी फळीवर चढली. मग तीच शिडी राजपुत्रासाठी पुढे गेली, कारण शाळेत शिडी एकच. मी बुरुजामागे उभा राहिलो. डोक्यावर तिचे पाय दिसत होते. ती गायला लागली. एवढा मोठा आवाज माझ्या घरात राहतो हे मला माहीत नव्हतं. राजपुत्र शिडी चढला, त्याने गजांतून तिचा हात धरला, आणि पुढे काय करायचं ते दोघांनाही सुचेना. तो तसाच खाली उतरला. शेवटचं गाणं सगळी पोरं पुढे येऊन नाचत म्हणाली. तिने ते वरूनच म्हटलं, गज धरून. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं गोष्टच तशी आहे. माझा हात तिच्या पायापर्यंत पोचत होता, पण तिला खाली घ्यायला शिडी नव्हती. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत उभी होती. मला ते बघवेना.

पडदा पडल्यावर शिडी मागे आणून मीच तिला उतरवलं. बाई समोर होत्या. मी चिडून म्हणालो, “मला कुणी गोष्टच सांगितली न्हाई.”

“मी सांगितली व्हती,” मुलगी म्हणाली. “तीन येळा, दुकानात. तुमी व्हय व्हय म्हणत व्हता.”

दुसऱ्या दिवशी बुरूज परत आणला आणि ग्रिल कापून काढलं. शाळा सुटायच्या वेळेला ग्राइंडर बंद केला. ती आली तेव्हा स्टूल पुसून पुढे सरकवलं आणि म्हटलं, “सांग बरं आता ती गोष्ट.”

“आता कशाला, पप्पा? झालं की गॅदरिंग.”

आणि दप्तर घेऊन ती घराकडे गेली.