वंशावळीतल्या आत्या

किडनीच्या डॉक्टरांनी कागदावर आमच्या घराण्याची वंशावळ काढायला घेतली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. पुतणीच्या किडन्या तिशीच्या आतच निकामी होत आहेत. आजार वंशातला वाटला, तरच ते जनुकीय तपासणी करायला सांगणार होते.

"घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"कुणालाच नाही," दादा म्हणाला. त्यानं सांगितलेली माणसं म्हणजे नुसते चौकोन. गोल एकच, पुतणीचा.

"आणि आत्या?" मी म्हणालो.

"त्या दिल्या घरी गेल्या. त्यांचं इथं काय काढतोस?"

माझं डोकं फिरलं. तिन्ही आत्या आता नाहीत आणि त्यातल्या दोघी अंगावर सूज येऊन पन्नाशीच्या आत गेल्या, हे मीच डॉक्टरांना सांगितलं. लग्न लावताना आपण मुलीचं नाव बदलतो, रेशनकार्डावरून तिला कमी करतो. पण रक्त कोण कमी करणार? पोटच्या पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि हा अजून बायका वजा करून घर मोजतोय.

डॉक्टरांनी तीन गोल काढले, आजाराची खूण म्हणून दोन काळे केले आणि तपासणी लिहून दिली. मग तिसऱ्या गोलावर पेन टेकवून विचारलं, "या कशानं गेल्या?"

दादा माझ्याकडे बघू लागला. मलाही माहीत नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.