पंचनाम्यातली खोडलेली ओळ

ती घटना आठवली की आजही आधी माझं लाल पेन आठवतं, आणि थोडी लाज वाटते.

तेव्हा मी कल्याणच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. एका सकाळी जवळच्या मोहने गावचा एक तरुण दहा-बारा गावकऱ्यांना घेऊन आला. भाजी वाहणारा त्याचा टेम्पो आमच्या हद्दीत, शीळफाट्याकडे जाताना चढावर बंद पडला होता. पिस्टन जाम. आठवडाभरापूर्वीच त्याने गावातल्या मेकॅनिककडून इंजिनात पिस्टनच्या नव्या रिंगा बसवून घेतल्या होत्या.

“सायेब, यानं डुप्लिकेट रिंगा टाकल्यान,” घोळक्यात उभ्या मेकॅनिककडे बोट करून तो म्हणाला. “माझा बापूस याला भाऊ मानायचा. त्याला जाऊन वरीस नाय झाला, नि यानं आम्हाला फसवलान.”

मेकॅनिक साठीचा, अबोल. तो आणि तरुणाचे वडील एकाच कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडल्यावर याने गॅरेज टाकलं. आता फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला आणि त्याच्याकडे कुणी साधी स्कूटरही दुरुस्तीला नेईना.

ठाण्यासमोरच्या टपरीवर मात्र चर्चेला ऊत आला होता. कुणी म्हणे डिझेलमध्ये रॉकेल होतं, कुणी म्हणे तेल हलकं, कुणी म्हणे पोरानेच गाडी दामटली. इंजिन अजून कुणी उघडलंही नव्हतं, पण छातीठोकपणे सांगायला सगळे तयार. त्यात मीही होतो. माझ्या मते दोष रिंगांचाच होता.

आमचा हवालदार निवृत्तीला आलेला, अक्षर मोत्यासारखं. घटनास्थळी जाऊन त्याने पंचनाम्याचा कच्चा मसुदा केला. लिंबू-मिरची, तडा गेलेला आरसा, जाळीवर बांधलेला फ्लेक्स, काही म्हणून सोडलं नव्हतं. मी लाल पेन काढलं.

“अहो, गुन्हा रिंगांचा आहे. तुम्ही गाडीची सजावट काय लिहिताय?” असं म्हणून मी निम्म्या ओळी खोडल्या आणि समासात लिहिलं, ‘हलक्या प्रतीच्या रिंगांमुळे इंजिन निकामी.’

“साहेब, दिसलं ते लिहिलंय,” तो शांतपणे म्हणाला. “रिंगा अजून कुणी पाहिल्या नाहीत.”

मी ऐकलं नाही. दोन दिवस मेकॅनिकला चौकशीला बसवलं. “रिंगा चांगल्या होत्या,” एवढंच तो म्हणे. मग पिस्टन का जाम झाला, असं विचारलं की मान खाली. इतक्या वर्षांच्या नोकरीत गप्प बसणारा माणूस मला नेहमी दोषीच वाटत आला होता. मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

तिसऱ्या दिवशी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये पंचांसमोर इंजिन उघडलं. रिंगा अस्सल निघाल्या. फोरमन म्हणाला, “इंजिन तापून गेलंय, साहेब.” पण का तापलं? पंखा ठीक, पाण्याचे पाइप ठीक.

हवालदाराने तो जुना मसुदा माझ्यापुढे ठेवला. लाल रेघेखालची ओळ वाचता येत होती: ‘पुढील जाळीवर मयत वडिलांच्या छायाचित्राचा फ्लेक्स, चारही कोपऱ्यांना सुतळीने घट्ट बांधलेला.’ त्या जाळीमागेच, समोरच्या वाऱ्यावर इंजिन थंड ठेवणारा रेडिएटर होता. गाडी ओढून आणण्याआधी मुलाने फ्लेक्स जपून सोडून घरी नेला होता, म्हणून वर्कशॉपमध्ये तो कुणाला दिसला नाही.

आता मात्र मला कुणाचंही मत नको होतं, माझंसुद्धा. तशाच बनावटीचा टेम्पो, तेवढाच माल, तोच चढ, अशा दोन खेपा करून पाहिल्या. पहिल्या खेपेला जाळी मोकळी, तापमानाचा काटा मधोमध. दुसऱ्या खेपेला जाळीवर ठाण्यातला रस्ता सुरक्षा सप्ताहाचा जुना फ्लेक्स बांधला. चढ संपण्याआधी काटा लाल खुणेवर गेला.

तरुणाला आणि मेकॅनिकला बोलावून सगळं सांगितलं. “फ्लेक्स त्याच सकाळी मीच बांधलेला, सायेब,” पोरगा म्हणाला. त्याच्या गाडीतला काटा कधीचाच बंद होता.

“तुम्हाला ठाऊक होतं?” मी मेकॅनिकला विचारलं.

“चढावर जाऊन गाडी बघितली तेव्हाच कळलेलं.”

“मग बोललात का नाही? आत गेला असतात.”

“त्याच्या बापसाचा फोटो होता, साहेब. याच्यापायी तुझं इंजिन गेलं, हे पोराला कोणच्या तोंडाने सांगू?”

पोरगा त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. “काका,” तो म्हणाला, “इंजिन तुम्हीच बांधा.”

गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल मी न्यायालयाला पाठवला. माणूस गप्प बसला म्हणजे काही लपवतोच असं नाही, कधी तो दुसऱ्याला जपत असतो, हे मला त्या मेकॅनिकने शिकवलं. हवालदाराने जे शिकवलं त्याबद्दल मी त्याला कधी काही म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं. तो गेल्या वर्षी वारला.

परवा मोहन्याला गेलो होतो. तरुणाच्या वडिलांचा तो फ्लेक्स आता मेकॅनिकच्या गॅरेजच्या भिंतीवर आहे, रंग उडालेला. मेकॅनिकने चहा पाजला. हवालदार बरोबर असता तर त्याने तिथला पाना न् पाना लिहून काढला असता, आणि मी एकही ओळ खोडली नसती.