झोपायची वेठ

"खरा आजारी नको. वास येतो," कंपाउंडर म्हणाला.

तो दवाखान्याच्या ओट्यावर उभा होता. आम्ही खाली अंगणात, रांगेत. सात-आठ बायका-पुरुष, सगळी महारवाड्यातली. बाजारात बैल बघतात तसा तो एकेकाकडे बघत होता आणि छडीनं दाखवत होता. तू ये. तू नको. तू लुगडं धुऊन ये.

माझ्या मागं लिंबाखाली बाजेवर माझी आई पडली होती. तिचा पाय सुजून काळानिळा झाला होता. दवाखान्यात रोगी पाहिजेत, असा निरोप सकाळी वाड्यात आला होता. मला ते खरं वाटलं. म्हणून मी तिला चौघांच्या मदतीनं उचलून आणलं होतं. कंपाउंडरनं तिच्याकडे बघितलं आणि नाकाला उपरणं लावलं. मग छडी माझ्याकडे वळवली.

"ही धडधाकट आहे, हिला घ्या. आणि ती बाज फाटकाबाहेर न्या. साहेबांच्या नजरेला पडता कामा नये."

हे कशासाठी चाललं होतं ते सांगते.

आमचं गाव सोलापूरपासून एका दिवसाच्या वाटेवर. तालुक्याचं ठिकाण, म्हणून सरकारी दवाखाना. दवाखाना सगळ्या जातींना खुला, असा सरकारचा हुकूम निघाला होता. मागच्या अंगाला एक खोली बांधली. चार लोखंडी खाटा आल्या. दारावर पाटी लागली, 'अस्पृश्य रोग्यांसाठी'. आणि पाटीखाली कुलूप लागलं. आत कंपाउंडरच्या म्हशीचा कडबा आणि दवाखान्याचं जळण. आम्हाला औषध अंगणातच. कंपाउंडर ओट्यावरून धार सोडायचा, आपण खाली बाटली धरून उभं राहायचं. अर्धं बाटलीत, अर्धं हातावर. डॉक्टर दहा हातांवरून जीभ बघायचा. नाडीचं नाव नाही.

वर्षातून एकदा सोलापूरहून मोठा साहेब तपासणीला यायचा. साहेब कुठलाही येवो, महारवाड्याला वेठ ठरलेली. म्हणजे फुकटचं राबणं. सामान वाहा, रस्ता झाडा, गवत आणा. त्या वर्षी नवीन वेठ निघाली. धडधाकट माणसांनी आजारी होऊन खाटेवर झोपायचं. साहेबाला खोली भरलेली दिसली पाहिजे.

आईचा पाय कशानं गेला तेही सांगते. दवाखान्याचं जळण फोडताना. तीसुद्धा वेठच. कुऱ्हाड निसटली आणि पायावर बसली. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांची, नवरा सोलापुरात गिरणीत. निरोप मिळाला तशी मी सासरहून आईकडे आले आणि तिला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर ओट्यावरून म्हणाला, "पाय वर करायला सांग." मी तिचा पाय दोन्ही हातांनी वर धरला. त्यानं तिथूनच बघितला. कंपाउंडरनं वरून पुडी टाकली. ती मातीत पडली. मी उचलली.

"तिला हितं ठिवून घ्या की," मी म्हणाले.

"खाटा भरल्यात."

खोलीची खिडकी उघडी होती. आत कडबा दिसत होता. जळण दिसत होतं, आईनं फोडलेलं. पुडी घेऊन घरी आले. तो खोटं बोलला याचा राग आहेच, पण मी गप्प बसले याची लाज मला अजून जास्त आहे.

त्यानंतर पाच दिवसांनी ही साहेबाची तपासणी.

कडबा काढला आमच्याच माणसांनी. जमीन सारवली आमच्याच बायकांनी. मग आम्हाला चौघांना आत घेतलं. जन्मात पहिल्यांदा मी पांढऱ्या चादरीवर पडले. उशाशी कागद टांगला होता. त्यावर माझा आजार लिहिलेला होता म्हणे. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, त्यामुळे मला काय झालं होतं ते मला अजून माहीत नाही. कंपाउंडर दारातून ओरडला, "साहेब आले की कण्हायचं. बोलायचं नाही."

साहेब आला. गोरा, घामाघूम, घाईत. दारातच उभा राहिला. डॉक्टर त्याच्या कानाशी इंग्रजीत बोलत होता. मी उठून बसले.

"सायेब, मला काय बी झालं न्हाय. माजी आय भाईर फाटकाजवळ पडलीया. तिचा पाय सडाय लागलाय. ही खाट तिची हाय."

साहेबानं डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टर हसून दोन शब्द बोलला. ताप डोक्यात गेलाय म्हणाला असेल. साहेबानं मान हलवली, माझ्याकडे बघून "अच्छा, अच्छा" म्हणाला आणि गेला. ओट्यावर खुर्ची टाकून शेऱ्याच्या वहीत काहीतरी लिहिलं, चहा घेतला. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. ती फाटकातून बाहेर पडली म्हणजे आईच्या बाजेजवळूनच गेली असणार.

तोवर मला वाटायचं की खालची माणसं वाईट, पण वरचा साहेब चांगला. त्याला कळलं की सगळं ठीक होईल. आमच्या कित्येक पिढ्या साहेबाला कळायची वाट बघत गेल्या. साहेबाला कळायचंच नव्हतं. त्याला वही भरायची होती.

कंपाउंडर खुशीत दारापर्यंत आला. साहेबानं काय लिहिलं ते मराठीत सांगितलं. "अस्पृश्यांची खोली पाहिली. व्यवस्था चांगली आहे. ऐकलंत? चला, उठा आता. चादरी घडी करून दारात ठेवा."

तिघं उठली. मी उठले नाही.

"ए, ऊठ."

मी पडूनच राहिले.

"ऊठ म्हणतो ना महारणी!"

त्यानं छडी उगारली, पण दारातूनच. आत पाऊल टाकलं नाही. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मला उठवायचं तर मला शिवावं लागणार. ते डॉक्टरला जमणार नाही, कंपाउंडरला जमणार नाही, पट्टेवाल्यालाही नाही. ज्या विटाळापायी आम्ही जन्मभर अंगणात उभे राहिलो, तोच विटाळ आज माझी खाट राखत होता. मला हसू आलं. खरंच हसले मी.

"शिवा की," मी म्हणाले. "हात लावा आन् काडा भाईर."

डॉक्टर आला. पोलिसात देईन म्हणाला. लालबुंद झाला. पण उंबऱ्याच्या आत तोही आला नाही. शेवटी त्यांना सुचलं आणि त्यांनी भिवातात्याला आत पाठवलं. भिवातात्या आमच्याच वाड्यातला म्हातारा, त्या वर्षीचा येसकर. गावची हरकामं त्याच्याकडे, त्याबद्दल वाड्याला गावाची रोटी, हातात घुंगराची काठी. सकाळी आम्हाला गोळा करून आणलं होतं ते त्यानंच. गावापुढे त्यानं कधी मान वर केलेली नव्हती.

"ऊट पोरी," तो म्हणाला. "गाव रोटी बंद करंल. लेकरं उपाशी मरत्याल."

"तात्या, आयचा पाय बगितला न्हवं तुमी?"

"बगितला."

"मग ह्या खाटंवर कुणी पडावं, तुमीच सांगा."

दारातून कंपाउंडर ओरडत होता. मग तात्यानं घुंगराची काठी भिंतीला टेकवली आणि बाहेर गेला. मला वाटलं, हाही गेला. थोड्या वेळानं आईची बाज ओट्यावर चढली. एका खुराला तात्या, बाकीच्या तीन खुरांना मघाशी उठून गेलेली तिघं. ओट्यावरची माणसं अंग चोरून भराभर बाजूला झाली. वाट आपोआप मोकळी झाली.

तेव्हा मी उठले. आईला चादरीवर ठेवलं. ती तापानं फणफणत होती. हातानं चादर चाचपून मला म्हणाली, "मळंल की गं."

"मळू दे," मी म्हणाले.

डॉक्टरनं शेवटपर्यंत तिला हात लावला नाही. तो दारातून सांगायचा, मी पाय धुवायची, पट्टी बांधायची. पण उशीर झाला होता. आठव्या दिवशी आई गेली. डॉक्टर म्हणाला, "आधी आणायला हवं होतं."

"आनली हुती की," मी म्हणाले. "तुमीच वरनं बगितला हुता पाय."



गावानं महिनाभर रोटी बंद केली. तात्याकडून काठी काढून घेतली. वाड्यातल्या बायकांनी मला शिव्या घातल्या. त्यांचंही खरं होतं, पोरं त्यांची उपाशी होती. पण मी कुणाची माफी मागितली नाही. आजही मागत नाही.

याला आता बरीच वर्षं झाली. मी सोलापुरात गिरणीत काम करते. चाळीतल्या एका बाईंकडे अक्षरं शिकले. बोट ठेवून, अडखळत, पण लिहिते-वाचते. साहेब यायची बातमी गावात सगळ्यात आधी महारवाड्याला लागते, कारण त्याचं सामान वाहायला आमचीच माणसं लागतात. हे अजून त्या कंपाउंडरच्या ध्यानात आलेलं नाही. तात्या दर वर्षी मला निरोप धाडतो. दर वर्षी मी खाडा करून जाते. खोलीतला कडबा बाहेर निघाला, की वाड्यात जो खरा आजारी असेल त्याला आम्ही उचलून त्या खाटेवर नेऊन ठेवतो. वास येत असेल तर येऊ दे.

परवा निरोप आला. साहेब सोमवारी येणार आहे. यंदा वाड्यातल्या भागू कोळपेवालीची पोर आहे, तिला खोकल्यातून रक्त पडतं. मी रविवारीच जाणार. आणि या खेपेला मला शेऱ्याची वही पाहिजे. साहेबाचं इंग्रजी लिहून झालं की त्याच्याच खाली मी मराठीत लिहिणार आहे. वाक्यं पाठ केलीत. 'कडबा काल काढला. खाटा एरवी कुलपात असतात. डॉक्टर आम्हाला हात लावत नाही.'

वही दिली नाही, तर मी पोरीशेजारच्या खाटेवर बसणार. मला उठवायचं असेल त्यानं उंबरा ओलांडावा, आत यावं आणि मला हात लावावा.