नवटाक म्हणजे किती?

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापाशी नाही, बहिणीपाशी नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिच्यापाशी तर नाहीच. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटून बसले लिहायला. सोपं नाहीये. दोनदा उठून गॅस बंद आहे का बघून आले. बंदच होता.

गोष्ट पापडांची आहे. हसलात ना? आमच्या घरातही सगळे हसतात. कित्येक वर्षं हसतायत. तेच तर —

थांबा. आधी माझ्याबद्दल सांगते, त्याशिवाय कळायचं नाही. मी बी.कॉम. आमच्या सगळ्या खानदानात पहिली. उल्हासनगरला कॅम्पात आमची चाळीतली खोली, मागे जीन्स शिवायचा कारखाना, दिवसभर मशिनींची घरघर. त्या घरघरीत मी ताळेबंद जुळवायला शिकले. आई चौथीपर्यंत शिकलेली, वडील सहीपुरते. माझा निकाल लागला त्या दिवशी नाक्यावरचा सिंधी दुकानदार, जो मला जन्मभर 'ए छोकरी' म्हणत आला होता, तो म्हणाला, "आओ मॅडम, मुँह मीठा करो." त्या 'मॅडम'चा मला अभिमान आहे. तेव्हा होता, आजही आहे. तो काही मी इथे धुऊन टाकायला आलेली नाही.

लग्न होऊन बदलापूरला आले, हेंद्रेपाड्यात. नवरा अंबरनाथला कंपनीत. घरात सासूबाई. त्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण जिभेला धार अशी, की बोलल्या की समोरचा आधी स्वतःची चूक शोधायला लागायचा. आल्यागेल्याला म्हणायच्या, "आमच्या सूनबाईंना विचारा, त्या ग्रॅज्युएट आहेत." ह्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तुम्हाला असं कुणी रोज म्हणत असेल, तर 'मला माहीत नाही' हे तीन शब्द तुमच्या तोंडून निघतील का? माझ्या नाही निघायचे.

सायली — माझी मुलगी — तेव्हा चौथीतून पाचवीत जाणार होती. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि बिल्डिंगमधली पोरं कुणी पोहायला, कुणी अबॅकसला, कुणी इंग्लिश स्पीकिंगला. मी म्हटलं, काही नको. आई ग्रॅज्युएट असताना बाहेर कशाला? घरातच शाळा. पुस्तक उघडायचंच नाही, जे घरात आहे त्यातूनच शिकायचं.

आणि खरं सांगू? छान चालली होती ती शाळा. हे मी स्वतःला वाचवायला सांगत नाहीये, छान चालली होती म्हणूनच पुढचं जास्त वाईट आहे. सकाळी उठून ती जिन्याखालच्या मीटरवरचा आकडा वाचून यायची आणि कालचा आकडा त्यातून वजा करायची. पंखा रात्रभर चालला की विजेचं काय होतं, हे तिने स्वतः शोधून बापाला सुनावलं होतं. भाजीवाल्याच्या काट्यावर भेंडी पडायच्या आधी अंदाज सांगायचा, मग काटा बघायचा. सांडशीने चपाती उचलून तिचा व्यास मोजायची — हो, चपातीचा व्यास! सासूबाई म्हणायच्या, "आता चपातीला पण परीक्षा द्यायला लावा." पण मनातून त्यांनाही ते आवडायचं. पोरगी डोळे उघडल्या उघडल्या विचारायची, "आई, आज काय मोजायचं?"

ते विचारणं लक्षात ठेवा.

मग वाळवणं निघाली. आमच्या मजल्यावर तेव्हा पद्धत होती, आज एकीचे पापड, उद्या दुसरीचे. जिचे पापड तिच्याकडे सगळ्या आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या. आमचा दिवस ठरला. सासूबाईंनी आदल्या संध्याकाळीच जाहीर केलं, "यंदा मापं माझी नात घेईल." सायली फुलून गेली. शेजारच्या म्हात्रेकाकूंनाही सांगून आली.

सकाळी सासूबाई गच्चीवर चटया अंथरायला, जागा धरायला निघाल्या. जाता जाता दारातून म्हणाल्या, "पिठाचा डबा भरून ठेवलाय तेवढा सगळा घ्या. पापडखार नवटाक. पाण्यात उकळून घ्या, मी आलेच." आणि गेल्या.

सायलीने माझ्याकडे बघितलं. "आई, नवटाक म्हणजे किती?"

आता मी तुम्हाला ते सांगते, जे सांगायला इतका वेळ घोटाळते आहे. नवटाक हा शब्द मला माहीत होता. पण वजन म्हणून नव्हता माहीत. आमच्या चाळीच्या टोकाला दारूचा गुत्ता होता. तिथे जो ग्लास भरून मिळायचा त्याला नवटाक म्हणायचे. "नवटाक मारून आलाय" — हे मी ज्या माणसाबद्दल सर्वांत जास्त वेळा ऐकलं, ते माझे वडील. सासरी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्न ठरताना 'वडील आजारी असतात' एवढंच सांगितलं होतं, आणि ते गेल्यावर तो विषयच मिटला होता.

तर तो शब्द आता सासूबाईंच्या तोंडी ऐकला. त्यांना कसा माहीत हा शब्द? एक क्षण वाटलं, मुद्दामच बोलल्या. मग वाटलं, नाही, काहीतरी जुनं माप असणार. गच्चीवर जाऊन विचारायचं? 'नवटाक म्हणजे किती हो?' मी, ग्रॅज्युएट, सगळ्या बायकांसमोर? दाराच्या पलीकडे म्हात्रेकाकू होत्या, त्यांना विचारायचं? तेही नाही. एक हाक मारायची होती फक्त. मी मारली नाही.

मी म्हटलं, "नवटाक म्हणजे एक ग्लास."

"अख्खा?"

"हो, अख्खा. भर."

तिने दोनदा विचारलं होतं. हे विसरू नका, मी विसरलेली नाही. तिने पाण्याचा स्टीलचा ग्लास काठोकाठ भरला, वरून बोट फिरवून सपाट केला — हेही मीच शिकवलं होतं, माप सपाट करायचं — आणि पातेल्यात ओतला.

पीठ भिजलं, कुटून झालं. रंग जरा वेगळा वाटला, तरी मी गोळा झाकून ठेवला. बायका जमल्या, पोळपाट मांडले गेले, थट्टामस्करी सुरू झाली. पहिली लाटी तेलात बुडवून सासूबाईंनी तोंडात टाकली.

आणि थुंकली. पदरात.

"खार कुणी घातला गं? साबण खाल्ल्यासारखं लागतंय!" पिठाचा गोळा हातात घेऊन त्यांनी उजेडात धरला. तो लालसर पिवळा पडला होता. "किती घातलास, सायले?"

सायली म्हणाली, "एक ग्लास."

"ग्लास? अगं नवटाक सांगितलं होतं! अर्धापाव! अर्ध्या ग्लासाच्या वर जायला नको होतं. ग्लास कुणी सांगितला तुला?"

सायलीने माझ्याकडे बघितलं. तक्रार म्हणून नाही. अगदी निर्धास्त बघितलं — आता आई सांगेल, म्हणून.

मला काय काय सुचलं त्या क्षणी! 'एक ग्लास' मीच सांगितला असं कबूल केलं, तर विचारतील, का सांगितलास? नवटाक म्हणजे ग्लास हे कुठून आलं तुझ्या डोक्यात? सगळ्यांच्या मधोमध तो गुत्ता, ती चाळ, ते माझे वडील येऊन उभे राहतील, असं वाटलं. खरं तर कुणी एवढं खोदून विचारलंही नसतं. 'मला माहीत नव्हतं, अंदाजाने सांगितलं' एवढ्यावर सगळं संपलं असतं. बायका हसल्या असत्या. हसल्या असत्या, बस.

मी म्हटलं, "सायली, मी अर्धा म्हटलं होतं ना तुला? नीट ऐकायचं नाही का?"

हेच ते. ह्यासाठी इतकी पानं.

मी गप्प बसले असते तरी ते भ्याडपण झालं असतं. मी गप्प बसले नाही. मी तिच्या कानांना खोटं पाडलं. आणि ती रडली नाही हो. रडली असती तर बरं झालं असतं. ती विचार करत होती. कपाळाला आठी घालून आठवत होती, काय ऐकलं होतं आपण? मला दिसत होतं तिचं आठवणं. आणि मग तिने ठरवलं की आई खोटं बोलणार नाही, म्हणजे आपणच चुकीचं ऐकलं. म्हणाली, "सॉरी आजी. मला अख्खा ऐकू आलं."

पीठ वाढवून सावरता आलं असतं, पण गिरणी बंद होती आणि घरात उडदाचा दाणा नव्हता. गोळा टाकून दिला. बायकांनी पोळपाट उचलले. म्हात्रेकाकू जाता जाता म्हणाल्या, "जाऊ दे गं, पोरच आहे. कॅम्पातून सिंधी पापड आणा ह्या वर्षी, सूनबाईंचं माहेर तिकडेच तर आहे." सगळ्या हसल्या. सासूबाईंनी सायलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मापं तुझी गेली हां आता. पुढच्या वर्षी लाट्या कर." प्रेमानेच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती उठली आणि काय मोजायचं ते तिने विचारलं नाही. मीच म्हटलं, मीटर बघून येतेस का? गेली. परत आली, आकडा सांगितला, मग पुन्हा खाली गेली बघायला. आल्यावर म्हणाली, "तोच आहे. पण तू पण एकदा बघून ये."

तेव्हापासून ती असं करते. दाराला कुलूप लावते आणि मला ओढून बघायला लावते. फोनवर पत्ता घेतला की "परत सांगा" म्हणते, आणि परत सांगितल्यावर परत. दहावीनंतर मी म्हटलं, कॉमर्स घे, आईसारखी. म्हणाली, "आकडे नकोत गं, माझा घोळ होतो." तिचा घोळ होत नव्हता. शाळेत गणिताला बरे मार्क असायचे. ती म्हणायची, पेपर सोपा होता. हे सगळं त्या एका सकाळीमुळे झालं का? मला माहीत नाही. बघा, आता म्हणता येतं मला, 'माहीत नाही.' पण त्या सकाळीमुळे काहीच झालं नाही, असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

सांगायच्या संधी आल्या नाहीत का? आल्या. सासूबाई गेल्या, त्या दिवसांत घरात त्यांच्याच आठवणी निघत होत्या. पापडांची निघाली. आता तर कुणाची भीती नव्हती. मी आत जाऊन पाहुण्यांसाठी चहा टाकला. आणि वडिलांचं म्हणाल, तर ते मी नवऱ्याला पुढे कधीतरी सांगून टाकलं. तो म्हणाला, "मला लग्नाआधीच कळलं होतं, आईला पण." म्हणजे जे लपवायला मी पोरीला पुढे केलं, ते लपलेलंच नव्हतं. तरीही मी हे सांगितलं नाही. म्हणजे वडिलांची लाज हे निमित्त होतं. माझ्या अंगात जे होतं ते दुसरंच होतं. मी चुकते, हे माझ्या मुलीला दिसायला नको होतं.

मागच्या महिन्यात सायलीचा साखरपुडा झाला. मुलाकडचे अंबरनाथचे, मोकळी माणसं. जेवताना ताटात पापड आला आणि आमच्याकडच्या कुणीतरी म्हटलं, "सायली, सांग ना तुझी पापडाची गोष्ट." ती आता छान सांगते. हातवारे करून, आजीचा आवाज काढून. सासूबाईंचं ते थुंकणं तर अगदी हुबेहूब. तिची होणारी सासू हसत म्हणाली, "बरं झालं सांगितलंस, आमच्याकडे मापं मीच घेईन हो!" सायलीही हसली. म्हणाली, "हो काकू, तुम्हीच घ्या. माझा काही भरवसा नाही."

मी समोरच बसले होते. वाढणाऱ्या मुलाला हाताने थांबवत होते, 'पुरे, पुरे.'

कुणीतरी तिला विचारलं, "इतक्या लहानपणचं एवढं कसं गं आठवतं?" ती म्हणाली, "आठवतं म्हणजे काय! ओट्यापाशी आई उभी होती, हातात चमचा होता, आणि म्हणाली, 'अर्धा ग्लास घाल हं, सायली, अर्धाच.' अजून कानात आहे माझ्या तिचा आवाज."

तिने माझा आवाजही काढून दाखवला. अगदी माझ्यासारखा.